कोड आला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका

डिझेल गाडीचा सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही. मेस्त्री स्कॅनर लावतो, पी ०३४० कोड दिसतो आणि निकाल लागतो, ‘कॅम सेन्सर गेलाय, नवीन टाकू.’ पिकअपवर, टॅक्सीवर घर चालवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे की इथे खिशात हात घालू नका. कॅम सेन्सरच्या सर्किटमधून हवा तसा सिग्नल मिळत नाही, एवढंच तो कोड सांगतो. त्या सर्किटमध्ये वायर आली, कनेक्टर आला, ईसीयूकडून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडून, येणारा करंट आला आणि मग सेन्सर.

हा सेन्सर करतो काय ते आधी समजून घ्या. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमशाफ्टची एक होते. पिस्टन वर आला हे क्रँक सेन्सर सांगतो. पण तो कॉम्प्रेशनला वर आलाय की जळका धूर बाहेर ढकलायला, हे कळतं कॅम सेन्सरवरून. म्हणून स्टार्ट होताना ईसीयूला दोघांची साक्ष लागते. एकदा इंजिन सुरू झालं की बरीच इंजिनं नुसत्या क्रँक सेन्सरवरही चालत राहतात. त्यामुळेच घाट चढून आलेली गाडी चहाला थांबवून बंद केली की परत सुरू होत नाही. चेक लाइट लागला असेल आणि सेल्फ रोजच्यापेक्षा जास्त वेळ मारावा लागत असेल, तर आडरानात इंजिन बंद करू नका, थेट गॅरेज गाठा.

तपासणी बॅटरीपासून सुरू करायला सांगा. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊ-दहाच्या खाली जात असेल तर ईसीयू आणि सेन्सर दोघेही गडबडतात. मग कनेक्टर. माझा सर्वात जास्त आग्रह याच ठिकाणी आहे, कारण इथेच सर्वात कमी पाहिलं जातं. इंजिनच्या हेडजवळच्या उष्णतेनं त्याचं प्लास्टिक कडक होतं आणि कुणी जोर लावून ओढलं की लॉक तुटतं. नंतर तो बसल्यासारखा दिसतो, पण खड्ड्यात गाडी आदळली की पिना सुटतात. सुतळीनं किंवा केबल टायनं बांधलेला कनेक्टर दिसला, तर दोष तिथेच असण्याची शक्यता मोठी. आत टॉर्च मारून बघा. पिनेवर हिरवट थर आहे का, ऑइल उतरलंय का, एखादी पिन मागे सरकलीय का? वायरिंग हातानं चाचपत पुढे जा. पावसाळ्यात बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत उंदरांनी वायर कुरतडलेली सापडते.

आता मल्टिमीटर. बहुतेक कॅम सेन्सर तीन वायरचे, हॉल प्रकारचे असतात. कनेक्टर काढून चावी ऑन केली की एका वायरवर सप्लाय मिळायला हवा, बऱ्याच गाड्यांत ५ व्होल्ट, काहींत १२. दुसरी वायर अर्थ, तिसरी सिग्नलची. सप्लायच नसेल तर नवा सेन्सरही मुकाच राहणार. ५ व्होल्टची लाइन कधी कधी इतर सेन्सरनाही जाते आणि त्यांतला एखादा शॉर्ट झाला की सगळी लाइन बसते. तेव्हा त्यांचे कनेक्टर एकेक काढून व्होल्टेज परत येतं का पाहावं. सप्लाय आणि अर्थ ठीक असतील तर कनेक्टर परत जोडून, मागच्या बाजूनं बारीक प्रोब लावून, क्रँक पुली पान्यानं हळूहळू फिरवावी. सिग्नलचं व्होल्टेज खालीवर झालंच पाहिजे. हॉल सेन्सर ओहमवर मोजून काही कळत नाही, आणि वायरला टाचणी टोचली की त्या भोकातून पुढे पाणी शिरतं.

सिग्नल येतोय, पण कोड पी ००१६ आहे, म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही? मग सेल्फ मारणं ताबडतोब थांबवा. टायमिंग बेल्टनं दात सोडला असेल किंवा चेन ताणली असेल, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन उघडायची वेळ येते. आपल्या रांजणगावलाही बनलेलं, अनेक कंपन्यांच्या गाड्यांत बसलेलं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन चेनचंच आहे. चेन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ऑइल कमी राहिलं किंवा बदलायला उशीर झाला की चेनही झिजते.

गाडी गरम झाल्यावरच दगा देत असेल तर ते मेस्त्रीला आवर्जून सांगा. सेन्सरच्या आतला दोष थंड असताना लपतो, म्हणून तपासणी गाडी बंद पडलेली असतानाच व्हायला हवी.

एका गोष्टीला मात्र ठाम नकार द्या. जुन्या डिझेलमध्ये एअर काढायला इंजेक्टरच्या पाइपचे नट सैल करायची सवय होती. कॉमन रेलमध्ये दाब १,६०० बार आणि त्याहूनही वर जातो. ती फवारणी कातडी भेदून आत शिरते, प्रसंगी बोट कापावं लागतं. सेल्फ मारताना रेलचा दाब पाहायचा असेल तर तो स्कॅनरवर दिसतो.

एवढं करून सेन्सरच दोषी निघाला, तर खुशाल बदला. पार्ट नंबर जुळवून अस्सल घ्या, ओ-रिंग नवी टाका, कोड पुसून घ्या. मग गाडी चांगली गरम होईपर्यंत फिरवा, पाच मिनिटं बंद ठेवा आणि परत सेल्फ मारा. एका झटक्यात सुरू झाली तरच बिल चुकतं करा.