समुद्राची पीकपाहणी

नारळी पौर्णिमेचा नारळ समुद्राला अर्पण झाला, की पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या बंदरांत पुन्हा हालचाल सुरू होते. जून-जुलैच्या बंदीत किनाऱ्यावर ओढलेल्या नौका रंगरंगोटी होऊन पाण्यात उतरतात, बर्फाच्या गाड्या धक्क्यावर येतात आणि ससून गोदीत पहाटेचा लिलाव पुन्हा गजबजतो. दर वर्षीचे हे दृश्य आनंदाचे आहे. परंतु या आनंदात एक साधा प्रश्न कोणी विचारीत नाही, आणि तो आज पहिल्या पानावर विचारणे आम्हांस कर्तव्य वाटते. ज्या समुद्रावर हजारो कुटुंबांचा संसार आणि या महानगराचे ताट अवलंबून आहे, त्या समुद्रात यंदा पीक किती आहे, हे पाहिले कोणी?

'पीक' हा शब्द आम्ही हेतुपुरस्सर वापरीत आहो. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली मत्स्यव्यवसायास शेतीचा दर्जा दिला. निर्णय योग्यच होता. पण शेती म्हटली की तिच्यामागे केवळ सवलती येत नाहीत, हिशेबही येतो. या राज्यात कोरडवाहू जमिनीच्या लहानशा तुकड्याचीही नोंद असते. गावनमुना सातमध्ये जमीन कोणाची हे लिहिलेले असते आणि गावनमुना बारामध्ये तीत काय पेरले हे लिहिलेले असते. पीक बुडाले तर आणेवारी काढली जाते आणि ती चुकली तर गाव तहसील कचेरीवर धडक मारते. ही व्यवस्था निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. तथापि ती आहे. समुद्राच्या शेतीला यांतले काय आहे? समुद्राला 'सात' असू शकत नाही, कारण तो कोणा एकाच्या मालकीचा नाही. पण ज्याला 'सात' नाही त्याला 'बारा'ची गरज अधिक असते. आपल्या बांधाची राखण मालक करतो. जे सर्वांचे असते त्याची राखण नोंदीवाचून होत नाही.

मोजणी मुळीच होत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था १९४७ साली स्थापन झाली. तिचे गणक ठरावीक दिवशी निवडक बंदरांवर जातात, आलेल्या नौकांपैकी काहींची मासळी तपासतात आणि त्यावरून संख्याशास्त्राच्या नियमांनी सबंध किनाऱ्याचा अंदाज बांधतात. हे काम कष्टाचे, प्रामाणिक आणि मोलाचे आहे. २०१९ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अवघी २.०१ लाख टन मासळी उतरली आणि हा ४५ वर्षांतला नीचांक होता, हे आपल्याला कळले ते याच मोजणीमुळे. पण नेमक्या याच आकड्यात आजच्या व्यवस्थेची उणीवही दिसते. त्याच वर्षी 'क्यार' आणि 'महा' या वादळांनी ऐन हंगामात नौका बंदरात अडकवून ठेवल्या. मग मासळी घटली ती समुद्रात मासे कमी होते म्हणून, की समुद्रात जाण्याचे दिवस कमी मिळाले म्हणून? किती नौका, किती तास, कोणते जाळे घेऊन गेल्या, याची बंदरवार नोंद असल्याखेरीज या प्रश्नाचे उत्तर कोणताही पंडित देऊ शकणार नाही. आणि उत्तर नसले, की ज्याचा आवाज मोठा त्याचे म्हणणे खरे ठरते.

अपुऱ्या हिशेबाची किंमत काय असते, हे कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्याने जगाला दाखवून दिले आहे. तेथल्या कॉड माशावर जवळजवळ पाच शतके वस्त्या जगल्या. १९८० नंतरच्या दशकात किनाऱ्यालगतचे लहान मच्छीमार सांगू लागले, की मासा लहान झाला आहे आणि कमी झाला आहे. पण मोठ्या ट्रॉलरांच्या जाळ्यांत मासा भरभरून येत होता, आणि त्या आकड्यांवर विसंबून तज्ज्ञांनी साठा फुगवून मोजला. मासा वाढला नव्हता. उरलेला मासा दाटीने एके ठिकाणी जमत होता आणि यंत्रे त्याला अचूक शोधीत होती. जुलै १९९२ मध्ये तेथील सरकारला मासेमारी बंद करावी लागली. सुमारे तीस हजार माणसांचा रोजगार एका फर्मानाने गेला. ती बंदी उठविण्याची घोषणा झाली २०२४ साली, म्हणजे बत्तीस वर्षांनी. न्यूफाउंडलंडला शास्त्रज्ञ नव्हते असे नाही. बंदरावरच्या लहान माणसाचे म्हणणे हिशेबात धरण्याची रीत मात्र तेथे नव्हती.

आमच्याकडे कायद्यांची वाण नाही. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन जाळ्यांना काळाची आणि क्षेत्राची मर्यादा घातली गेली आणि अशा नौकांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणण्याचे ठरले. प्रखर एलईडी दिव्यांनी थवेच्या थवे ओढून घेणाऱ्या मासेमारीवर केंद्राने २०१७ साली बंदी घातली. २०२१ साली राज्याच्या कायद्यात दंडाच्या रकमा लाखांत गेल्या. २०२३ साली पापलेटास राज्यमाशाचा मान मिळाला, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरविण्यात आले: पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०, घोळ ७००. याहून लहान मासा पकडणे हा गुन्हा.

कागदावर हे सारे उत्तम आहे. पण मोजपट्टी कोणाच्या हातात आहे? लहान पापलेटांच्या पाट्या बाजारात राजरोस दिसतात. त्या विकत घेणारे आम्हीच आहो. एकदाही वीण न झालेला मासा ताटात वाढून घ्यायचा आणि पुढच्या वर्षी पापलेट महागले म्हणून हळहळायचे, हा व्यवहार सूज्ञ शहराला शोभत नाही. बियाण्याचे धान्य दळून खाणाऱ्या कुणब्याला आपण काय म्हणू?

येथे एक प्रामाणिक आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांस मान्य नाही. याच संशोधनसंस्थेने २०२२ साली देशातील १३५ मत्स्यसाठे तपासले आणि त्यांपैकी ९१.१ टक्के सुस्थितीत आढळले. मग हा आकांत कशासाठी, असे कोणी विचारील. त्यावर आमचे उत्तर असे, की सबंध देशाची सरासरी हा सातपाटीच्या नाखव्याचा दिलासा होऊ शकत नाही. राज्यात पाऊस सरासरीइतका पडला म्हणून माणदेशातल्या विहिरीला पाणी लागत नाही. शिवाय बहुतेक साठे अजून सुस्थितीत असतील, तर मोजणीची खरी वेळ हीच आहे. रोगी अंथरुणाला खिळल्यावर नाडी पाहणारा वैद्य काय कामाचा?

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. निर्बंध आले की पहिला फटका लहान कोळ्याला बसतो, असे म्हणतात, आणि ते खोटे नाही. दोष एकट्या पर्ससीनचाही नाही. ओहोटी-भरतीच्या प्रवाहात लावलेल्या पारंपरिक डोल जाळ्याच्या खोळीची आस बारीक असली, तर तीतही पिल्ले सापडतातच. म्हणूनच नियम सर्वांना सारखे दिसावेत, पण त्यांचा भार सारखा नसावा. चार हातांच्या होडीला आणि लाखोंचे भांडवल गुंतविलेल्या नौकेला एकाच तागडीत तोलणे ही समता नव्हे. मोठी आस लावणाऱ्या लहान मच्छीमाराला जाळ्याची किंमत शासनाने द्यावी. पण दिवे लावून समुद्र उपसणाऱ्याला दंड ठोठावताना कोणाचा हात थरथरता कामा नये.

समुद्राचा हिशेब समुद्रातच सुरू होतो असेही नाही. तो खाडीत, चिखलात आणि तिवरांच्या मुळांत सुरू होतो. कोळंबी आणि कितीतरी मासे बालपण तेथे काढतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिवरांच्या तोडीला आळा घातला, २०१२ साली राज्याने कांदळवन कक्ष काढला आणि ठाण्याच्या खाडीला २०२२ मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले. हे श्रेय ज्याचे त्याला दिलेच पाहिजे. परंतु त्याच किनाऱ्यावर, १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित असलेल्या डहाणू तालुक्यात, वाढवण येथे ७६,२२० कोटी रुपयांचे बंदर उभारण्यास २०२४ साली मंजुरी मिळाली, आणि त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालण्याचे ठरले. बंदर हवे की नको हा वाद आज आम्ही येथे काढीत नाही. आमचा प्रश्न इतकाच आहे, की भराव घालण्यापूर्वी त्या पाण्यात कोणता मासा, कोणत्या महिन्यात, किती मिळत होता, याची नोंद तेथील मच्छीमारांच्या साक्षीने झाली आहे काय आणि ती जाहीर आहे काय? ती नसेल, तर उद्या नुकसानीचे माप कोणत्या काट्यावर करणार? ज्याची नोंद नाही त्याची भरपाई नाही, हा सरकारी कचेरीचा पहिला धडा कोकणातला शेतकरी केव्हाच शिकला आहे.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेने समिती नेमून लोकांची जैवविविधता नोंदवही तयार करावी असे सांगितले. वर्षानुवर्षे ते काम रखडले, आणि अखेर राष्ट्रीय हरित लवादाला ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालावी लागली. मुदतीच्या धाकाने भरलेल्या वह्या कपाटात पडून राहिल्या, तर त्यांचा उपयोग वाळवीलाच. नोंदवही ही दर हंगामाला उघडायची वस्तू आहे.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. प्रत्येक मोठ्या बंदरावर मासळीचे वजन, माशांची लांबी, नौकांची संख्या आणि मासेमारीचे तास यांची नोंद व्हावी आणि ती दर महिन्याला मराठीत त्याच बंदरावर फलकावर लागावी. या कामावर कोळीवाड्यातलेच शिकलेले तरुण-तरुणी पगारी गणक म्हणून नेमावेत. मासा ओळखण्यात कोळिणीचा हात कोणी धरू शकत नाही. तिच्या ज्ञानाला शासनाने केवळ लोकनृत्यापुरते वापरू नये. आकारमानाचा नियम केवळ होडीवर नव्हे, तर लिलावात, बर्फाच्या कारखान्यात आणि घाऊक खरेदीदाराच्या दारातही लागू व्हावा. आणि किनाऱ्यावरील कोणत्याही भरावाला परवानगी देण्यापूर्वी तेथील तीन हंगामांची अशी नोंद जाहीर करणे बंधनकारक असावे.

यात अशक्य असे काय आहे? गावचा तलाठी बांधावर जाऊन पिके लिहीत आला, तेव्हा त्याच्याजवळ ना उपग्रह होते ना संगणक. आज दोन्ही आहेत. उणीव आहे ती इच्छेची. समुद्र अथांग आहे, या कविकल्पनेवर राज्यकारभार चालत नाही. जाळे अथांग झाले, की समुद्राला तळ लागतो. नारळ वाहून समुद्राला शांत हो असे आपण विनवितो. त्याच्याकडून घेतलेल्याचा हिशेब ठेवणे हीदेखील त्याची पूजाच आहे. ती या हंगामापासून सुरू व्हावी. पुढच्या पिढीच्या कोळ्याला वारशात केवळ पापलेटाचे चित्र देण्याची पाळी महाराष्ट्रावर येऊ नये.