खेळ आमचा, नोंदवही कुणाची?

मागच्या रमजानमधली गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक स्क्रीनशॉट आला. त्यात फोटो नव्हता, खरे नाव नव्हते, कुणाचा मेसेजही नव्हता. एका मोबाईल गेममधले प्रोफाईलचे पान होते, एवढेच. टोपणनाव आणि त्याच्या शेवटी ३९ हा आकडा. एकूण सामने किती, मारले किती, शेवटचा सामना रात्री पावणेदोनला, आणि त्या सामन्यात सोबत कोण होते त्यांची टोपणनावे. एमएच ३९ म्हणजे नंदुरबारची गाडी, हे इथल्या पोराला सांगावे लागत नाही. दहा मिनिटांत सगळ्यांना कळले की ही माझी मामेबहीण. पुढच्या दहा मिनिटांत प्रश्न आला, "रात्री दोनला ही कुणासोबत खेळते?"

तरावीह आणि सहरीच्या मधल्या वेळात आमच्याकडे अर्धे घर जागेच असते. ती वर्गातल्या दोन मैत्रिणींसोबत खेळत होती. चौथा खेळाडू गेमनेच जोडून दिला होता, त्याला ती ओळखतही नव्हती. पण मामूंनी काही विचारले नाही. फोन काढून कपाटात ठेवला. तिचा बारावीचा ऑनलाइन क्लास त्याच फोनवर होता. तीन आठवडे ती क्लासबाहेर राहिली.

मला मामूंपेक्षा स्वतःचाच राग जास्त आला. कारण हा स्क्रीनशॉट टाकायचा खेळ आमच्या ग्रुपवर मीच सुरू केला होता. संध्याकाळी मिरचीच्या पथारीपलीकडे बसून आम्ही चौघे खेळायचो आणि हरलो की मी सगळ्यांचे आकडे ग्रुपवर टाकायचो. अमक्याचे डॅमेज किती कमी, तमका किती वेळा मेला, खाली हसणारे चेहरे. ज्याची थट्टा झाली त्याला मी कधी विचारले नाही. माझे एकच उत्तर असे, "गेमनेच दाखवले आहे, मी कुठे चोरले?" स्क्रीनशॉट टाकणाऱ्या मुलानेही मला तेच उत्तर दिले. माझेच वाक्य माझ्या घरावर येऊन पडले.

म्हणून हा लेख. आणि त्यातले म्हणणे सरळ आहे: खेळाची नोंद ठेवणे वेगळे आणि खेळाडूवर पाळत ठेवणे वेगळे. कंपन्यांनी या दोन गोष्टी एक करून टाकल्या, आपण त्यांना साथ दिली आणि त्याची किंमत आपल्यातले सर्वांत कमजोर लोक मोजत आहेत.

आधी ही नोंद असते काय ते पाहू. गल्लीतल्या क्रिकेटमध्येही कोणीतरी धावा मोजतो. अंधार पडला की तो हिशेब संपतो. ऑनलाइन गेमचा हिशेब संपत नाही. तुम्ही कधी आलात, कुठे उतरलात, कोणत्या बंदुकीने कुणाला कुठून मारले, कुणी तुम्हाला मारले, सोबत कोण होते, हे सगळे सर्व्हरवर उतरते. पब्जीच्या संगणकावरील खेळाची कंपनी ही माहिती बाहेरच्या वेबसाइट बनवणाऱ्यांनाही अधिकृतपणे देते. त्यात प्रत्येक गोळीची, प्रत्येक मृत्यूची आणि ठरावीक अंतराने नकाशावर प्रत्येक खेळाडू कुठे होता याचीही नोंद असते. कंपनी हा तपशील १४ दिवस देते. पण त्या १४ दिवसांत ज्याने उतरवून घेतला त्याच्याकडे तो कायमचा राहतो.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या जुन्या खेळात तर याला नावच 'कॉम्बॅट लॉग' आहे. चमूतल्या एकाने ती फाइल वेबसाइटवर चढवली की सगळ्यांची कामगिरी जगापुढे येते. चढवणारा एक, उघडे पडणारे वीस. याच खेळाच्या कंपनीने जुलै २०१० मध्ये जाहीर केले होते की चर्चेच्या व्यासपीठावर खेळाडूंना खऱ्या नावानेच लिहावे लागेल. यात धोका नाही हे दाखवण्यासाठी कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने स्वतःचे खरे नाव लिहिले. लोकांनी थोड्याच वेळात त्याची खाजगी माहिती शोधून काढली. खेळाडूंनी एवढा गदारोळ केला की तीन दिवसांत कंपनीला निर्णय मागे घ्यावा लागला. म्हणजे खेळाडू एक झाले तर कंपनी ऐकते. डोटा २ मध्ये आपल्या सामन्यांची माहिती बाहेरच्या वेबसाइटना द्यायची की नाही याचे बटण खेळाडूच्या हातात आहे आणि ते मुळात बंद असते. हे करता येते. न करणे हा निर्णय असतो, नाइलाज नव्हे.

आता आपल्याच मुलांचा आक्षेप घेऊ. "नोंद नसेल तर चीटर कसा पकडणार? सुधारणा कशी होणार?" आक्षेप खरा आहे. भिंतीपलीकडचे पाहणारा, आपोआप नेम धरणारा खेळाडू नोंदीवरूनच पकडला जातो. मीही स्वतःचे आकडे पाहूनच शिकलो. पण चीटर पकडायला नोंद कंपनीला लागते, मोहल्ल्याला नाही. सुधारायला माझे आकडे मला लागतात, माझ्या शेजाऱ्याला नाहीत. परीक्षेची उत्तरपत्रिका तपासायला मास्तरांना द्यावीच लागते. म्हणून ती चौकात चिकटवायची का?

दुसरा आक्षेप मोठ्या रुबाबात येतो: "लपवण्यासारखे काही नसेल तर घाबरता कशाला?" माझ्या बहिणीकडे लपवण्यासारखे काहीच नव्हते. तरी तिचे तीन आठवडे गेले. माहिती खोटी नव्हती, वेळ खरी होती, सोबतची नावे खरी होती. त्यांना अर्थ मात्र दुसऱ्यांनी दिला. ज्याच्या हाती अर्थ लावण्याची ताकद आहे त्याला खाजगीपणाची गरज वाटत नाही. गरज असते ती मुलीला, गरिबाला आणि ज्या समाजाकडे आधीच संशयाने पाहिले जाते त्याला.

हे आपण मुसलमान तरुणांनी तरी विसरू नये. नोव्हेंबर २०२० मध्ये बातमी आली की नमाजच्या वेळा आणि किब्ला दाखवणाऱ्या 'मुस्लिम प्रो' या अॅपमधून लोकांच्या ठिकाणांची माहिती एका दलाल कंपनीकडे जात होती आणि त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराशी संबंधित ठेकेदार होते. बातमीनंतर अॅपने त्या कंपनीशी संबंध तोडले. डिसेंबर २०१३ मध्ये स्नोडेनने उघड केलेल्या कागदपत्रांतून कळले की अमेरिकी आणि ब्रिटिश गुप्तचर संस्था वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टसारख्या खेळांतही शिरल्या होत्या. आणि आपल्या देशात जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' या नावांनी मुस्लिम स्त्रियांचा 'लिलाव' मांडला गेला, तो त्यांनी स्वतःच उघडपणे टाकलेल्या फोटोंचा. तिथेही बचाव हाच होता: आम्ही चोरले कुठे, समोरच तर होते.

आता नंदुरबारकडे येतो. या विषयावर बोलण्याचा हक्क आपल्या जिल्ह्याइतका कुणाला नाही. २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते. दहा गावकऱ्यांना क्रमांक मिळाले. बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळे देऊन देशाच्या नोंदवहीत पहिले नाव लिहिले गेले ते आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचे. याच आधारला आव्हान देणाऱ्या न्या. के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेतून पुढे प्रश्न उभा राहिला, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे का? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, आहे. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात न्यायालयाने आणखी एक गोष्ट केली. आधार कुठे, कधी वापरले याच्या नोंदी पाच वर्षे ठेवण्याचा नियम रद्द केला आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येणार नाहीत असे सांगितले. सरकारने ठेवलेल्या नोंदीलाही मुदत असली पाहिजे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे आहे. मग माझ्या बहिणीच्या पावणेदोनच्या सामन्याला मुदत का नको?

कायदा आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक. बालकाची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि बालकांचा माग काढणे, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवणे, त्यांना हेरून जाहिराती दाखवणे याला कलम ९ मध्ये मनाई आहे. मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. तोवर पालकांची संमती म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. ओटीपी अब्बांच्या फोनवर येतो, तो फोन पोराच्याच हातात असतो.

या कायद्यातली एक खोच तर प्रत्येकाने पाठ करावी. जी माहिती तुम्ही स्वतःच जाहीर केली तिला हा कायदा लागू नाही. कुणी खाजगी, घरगुती कारणासाठी माहिती हाताळली तर तिथेही हा कायदा हात आखडता घेतो. म्हणजे मोहल्ल्याच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकणाऱ्या पोरापासून तुम्हाला हा कायदा वाचवेलच असे नाही. तिथे आपली आपणच शिस्त लावावी लागेल.

इथे घरातले वडीलधारे म्हणतील, "म्हणूनच सांगतो, गेम बंद करा." सरकारनेही करून पाहिले. २ सप्टेंबर २०२० ला पब्जी मोबाईलसह ११८ अॅप बंद झाली. कारण दिले होते, लोकांची माहिती परवानगीशिवाय देशाबाहेर जाते. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नव्या नावाने आला, जुलै २०२२ मध्ये स्टोअरमधून गेला, मे २०२३ मध्ये परत आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर बंद झाला, पण फ्री फायर मॅक्स चालूच राहिला. मुले खेळतच राहिली. बंदीने फक्त दुकानाची पाटी बदलली. आतली वही तशीच राहिली. घरातल्या बंदीचेही तसेच. मुलगा दुसऱ्या मुलाच्या फोनवर खेळतो. मुलगी खेळणे सोडते आणि फोनही गमावते. बंदी दोघांना सारखी कधीच लागत नाही. आदरणीय मोठ्यांना माझी विनंती आहे: सूरह हुजुरातमध्ये पाळत ठेवण्याला आणि पाठीमागे वाईट बोलण्याला मनाई आहे, ती आपण तकरीरीत ऐकतो. ती मनाई ग्रुपवर आलेल्या स्क्रीनशॉटलाही लागू धरा. पुढच्या वेळी फोन कपाटात ठेवण्याआधी मुलीला एक प्रश्न तरी विचारा.

मग मागायचे काय? अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टनाइटच्या कंपनीने ५२ कोटी डॉलर मोजायचे कबूल केले. त्यातले २७.५ कोटी मुलांच्या खाजगीपणाच्या नियमभंगासाठी होते. मुलांसाठी बोलण्याची आणि लिहिण्याची सोय मुळात चालूच ठेवलेली होती, हा एक आरोप होता. आता ती मुळात बंद ठेवावी लागते. आपणही तेवढेच मागू. खेळण्याची वेळ, सोबतची नावे, सामन्यांचा इतिहास हे मुळात बंद. ज्याला दाखवायचे त्याने चालू करावे. जुन्या सामन्यांच्या नोंदींना मुदत. खाते पुसले की नोंदीही पुसल्या जाव्यात. आणि हे सगळे मराठीत लिहिलेले असावे. धडगावच्या पोराला इंग्रजीतल्या चाळीस पानांवर 'मान्य आहे' दाबायला लावणे ही संमती नव्हे.

कंपनी ऐकेल तेव्हा ऐकेल. आपले काम आज रात्रीपासून सुरू होऊ शकते. टोपणनावातून गाव, शाळा, जन्मसाल आणि एमएच ३९ काढून टाका. सेटिंगमध्ये जाऊन इतिहास आणि ऑनलाइन असल्याची खूण जेवढी लपवता येते तेवढी लपवा. गेमचे खाते इन्स्टाग्रामला जोडू नका. आणि दुसऱ्याचे आकडे त्याला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. कुणी टाकले तर हसू नका, काढायला सांगा. ग्रुपचा अॅडमिन तुम्ही असाल तर स्वतः काढा.

आमच्या ग्रुपवर मी हा नियम मांडला तेव्हा दोघे ग्रुप सोडून गेले. बाकीचे राहिले. मी आधीचे माझे सगळे स्क्रीनशॉट शोधून, जेवढे काढता आले तेवढे काढले आणि ज्याची सर्वांत जास्त थट्टा केली होती त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, "तेव्हापासून मी खेळणेच सोडले होते, तुला माहीत नव्हते का?" मला खरेच माहीत नव्हते. त्याचे सगळे आकडे माझ्याकडे होते, आणि एवढी गोष्ट मला माहीत नव्हती.

बहिणीने नवे खाते उघडले आहे. टोपणनाव काय ते मला तिने सांगितलेले नाही. मीही विचारले नाही.