पोळ्यातली तार

एरवी आठवड्याच्या आठवड्याला या पानावर मी शब्दांची चिकित्सा करतो. दिवाळी अंकात मात्र थोडे गोड लिहायची मुभा असते, ती आज घेतो.

मला मधाचे बोट लावले ते आमच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या एका सहकाऱ्याने. मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या गळ्यात कोणीही काहीही मारू शकतो, हे वाचकांच्या ध्यानात एव्हाना आलेच असेल. जालन्याजवळच्या आमच्या मोसंबीच्या बागेत सातेरी माश्यांच्या दोन पेट्या आल्या.

बाग म्हणतो खरा. पण २०१२-१३ च्या दुष्काळाने जालन्यातल्या किती बागांचे सरपण केले, ते या भागात कोणाला सांगायला नको. आमचीही बहुतेक झाडे गेली. तेव्हापासून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बागेत पाऊल टाकले नव्हते. पेट्यांचे ऐकून ते एवढेच म्हणाले, "बाटलीतला नको. पोळ्यासकट आण." लहानपणी बाभळीवरची पोळी त्यांनी तशीच चावून खाल्ली होती.

पहिल्या आंबेबहाराला मी मधाने भरलेली एक चौकट काढली, सुरीने वडी कापली आणि बशीत घालून त्यांच्यापुढे ठेवली. पण इथेच माशी शिंकली. अण्णांनी घास घेतला, तोंड वाकडे केले आणि दातांतून बोटभर तार ओढून काढली.

"ह्याच्यात तार हाय की रे! मध खाऊ घालतोस का कुंपण?"

चूक माझीच. चौकटीत माश्यांना पाया म्हणून मेणाचा पत्रा बसवतात. त्यावर षट्कोनी घरांचे ठसे आधीच उमटवलेले असतात; माश्या फक्त भिंती उचलतात. ही युक्ती जर्मनीतल्या योहानेस मेहरिंग यांची, १८५७ सालची. पुढे १८६५ मध्ये ह्रुश्का यांनी पोळे गरगर फिरवून मध काढण्याचे यंत्र केले. त्या फिरण्यात पोळे मोडू नये म्हणून पत्रा जाड हवा, आत तारा हव्यात. पण जे पोळे यंत्रात जायचेच नाही, बशीत जायचे आहे, त्याला तार कशाला? एवढा साधा प्रश्न मला सुचला नव्हता.

आणि तार काढली तरी जाडी राहतेच. मध संपला की जाड पत्रा दाताखाली रबरासारखा येतो. जुन्या काळ्या पोळ्यांच्या मेणाचा असला तर वडीच्या मधोमध मळकट रेघ दिसते ती वेगळीच. एका दुकानदाराने पातळ, फिकट पत्रा दिला, तो निघाला युरोपियन माशीच्या मापाचा. तिचे घर सुमारे ५.४ मिलिमीटरचे, आमच्या सातेरीचे साडेचार-पावणेपाच. माश्यांनी त्यावर जे काही वाकडेतिकडे रचले, ते पाहून मला प्रथम वर्षाच्या निबंधांची आठवण झाली.

शेवटी योग्य मापाचा पातळ, बिनतारेचा पत्रा मिळाला. आता तो पूर्ण लावायचा की नुसती पट्टी? पूर्ण लावला तर काम लवकर होते. मोसंबीचा फुलोरा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. पण ऊन चढले की बिनतारेचा पत्रा झोळीसारखा लोंबतो. वर दोन बोटे रुंद पट्टीच लावली, तर खालचे सारे पोळे माशीच्या अंगच्या ताज्या मेणाचे. मात्र किलोभर मेणासाठी ती सहा-आठ किलो मध खर्ची घालते, असे जाणते सांगतात. हिशेबी माणसाने पूर्ण पत्रा घ्यावा. मी पट्टी घेतली. वितळलेल्या मेणाने ती चौकटीच्या वरच्या दांडीला चिकटवली आणि पाणसळ लावून पेटी समतल केली. पोळे जमिनीकडे सरळ लोंबते, पेटी कलली की ते चौकटीबाहेर जाते.

यंदा दोनच चौकटी भरल्या. अण्णांनी वडी तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळली. मी परीक्षार्थीसारखा उभा. त्यांनी मेणाची गोळी तळहातावर काढली, बोटांनी दाबून पाहिली.

"तार नाही," म्हणाले. मग जरा थांबून, "कुठं ठेवल्यात पेट्या?"

"विहिरीकडच्या ओळीत."

"ती ओळ हाय अजून?"

"चार झाडं आहेत, अण्णा."

ते उठले आणि दारामागे काठी शोधू लागले.