कोलेस्टेरॉल आणि त्याची वाहने

सकाळी सातच्या सुमारास अंबरनाथ वा बदलापूरच्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबसमोर उपाशीपोटी ताटकळत बसलेली ज्येष्ठ मंडळी आपण पाहिली असतील. कदाचित आपणही त्यांत असाल. सायंकाळी हाती येणाऱ्या कागदावर एलडीएल, एचडीएल, व्हीएलडीएल अशी अक्षरे असतात. ती कोलेस्टेरॉलच्या प्रकारांची नव्हेत, त्याच्या वाहनांची नावे आहेत.

कोलेस्टेरॉल मेणासारखे, पाण्यात न विरघळणारे. रक्त मात्र बव्हंशी पाणीच. म्हणून शरीर त्यास प्रथिनांच्या आवरणात घालून पाठवते. हे सूक्ष्म गोळे म्हणजे लिपोप्रोटीन, अर्थात मेदप्रथिने. उल्हासनगरात रविवारी आवडीने खाल्लेल्या दाल-पकवानातील स्निग्धांश कायलोमायक्रॉन आतड्यातून वाहून नेतात. यकृतातला मेद व्हीएलडीएल बाहेर नेते आणि तो वाटेत उतरवता उतरवता त्याचेच एलडीएल बनते. एलडीएलचे कण फार झाले की ते धमन्यांच्या अस्तरात शिरून अडकतात. एचडीएल उलट दिशेने, पेशींतील जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत आणते. (तेलाच्या डब्यावरील ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या शब्दाला भुलू नये. वनस्पती तेलात ते मुळात जवळजवळ नसतेच!)

रक्तातील एलडीएल उचलून घेणारे ‘ग्राहक’ यकृताच्या पेशींवर असतात. या शोधाबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना 1985 चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्टॅटिनची गोळी यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखते. मग यकृत अधिक ग्राहक निर्माण करून रक्तातले एलडीएल ओढून घेते. गोळी चालू असेपर्यंतच हे घडते. ‘रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी कशाला?’ असे म्हणून घरातील आजोबांनी ती परस्पर बंद केली, तर काही आठवड्यांत आकडा पुन्हा चढतो. आणि काही दुखत-खुपत नसल्याने कोणाला पत्ताही लागत नाही. स्नायू दुखत असतील तर डॉक्टरांना सांगावे. मात्रा वा औषध बदलता येते.

शिवाय तो ‘नॉर्मल’ कोणाचा, हेही पाहावे. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसामान्य व्यक्तीचे एलडीएल 100 च्या खाली, अधिक जोखमीच्या व्यक्तीचे 70 च्या खाली, तर हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्याचे 55 च्या खाली असावे. अशा रुग्णाच्या कागदावरील 95 हा आकडा समाधानाचा नव्हे.

त्याच सूचनांत एक दिलासाही आहे: नेहमीच्या लिपिड तपासणीसाठी उपाशी राहण्याची आवश्यकता नाही. जेवणानंतर ट्रायग्लिसराइड थोडे वाढते, एलडीएलमध्ये फारसा फरक पडत नाही. इन्सुलिन घेणाऱ्या वृद्धांची साखर उपाशीपोटी रांगेत बसून घसरू शकते. त्यांच्यासाठी ही सवलत मोलाची आहे. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर आढळले, किंवा त्याच वेळी उपाशीपोटीची साखरही पाहायची असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा लॅबमध्ये जाण्याच्या आदल्या दिवशीच डॉक्टरांना दोन प्रश्न विचारून ठेवावेत: उपाशी यायचे का, आणि सकाळचे इन्सुलिन केव्हा घ्यायचे?