एक दिवस बीदरला

सुटीत मुलांना बीदर दाखविण्याचा बेत येथील कुटुंबे आखीत असतात. गौलीगुड्याची जुनी पत्र्याची शेड २०१८ साली कोसळली. गाडी जवळच इमलीबनच्या स्थानकावर मिळते. शिदोरी बांधून पहाटेच निघावे.

एका दिवसात सारे पाहण्याची हाव धरू नये, असे आम्ही सुचवितो. प्रथम महमूद गवानाची पाठशाळा पाहावी. बहमनी राज्याच्या या वजिराने ती १४७२ साली उभारली. पुढे १४८१ साली बनावट पत्रावर विश्वास ठेवून सुलतानाने त्याचा शिरच्छेद करविला. मुलांना तेथेच सावलीत बसवून ही हकीकत सांगावी. मग किल्ला पाहावा. आजीबाई थकल्यास अष्टूरच्या कबरी पुढल्या खेपेस ठेवाव्यात. खोट्या कागदाने माणसाचा जीव गेला; त्याचे सत्कार्य मात्र आजही उभे आहे, एवढे मुलांना उमगले तरी सहल सार्थकी लागली.