'ओरिजिनल'चं खूळ

जुन्या जीपवर नवे भाग चढवले की दोन प्रकारची माणसं चिडतात. पहिली शुद्धतावादी: "वाट लावली गाडीची!" दुसरी कायद्याचं पुस्तक घेऊन बसलेली: "कंपनीने दिली तशी ठेवा." दोघांचा देव एकच, ओरिजिनल. माझं म्हणणं असं की जीपच्या बाबतीत हा देव कधी नव्हताच. त्याच्या नावाखाली आपण मात्र चांगलं काम आणि जीवघेणं काम एकाच तराजूत तोलतोय.

आधी इतिहास बघू. दुसऱ्या महायुद्धातल्या सुरुवातीच्या विलिज जीपला पुढे लोखंडी पट्ट्या वेल्ड केलेली जाळी होती. फोर्डने ती पत्र्यात ठोकून काढली, हलकी आणि स्वस्त. मग विलिजनेही तीच उचलली. म्हणजे आज जिला आपण जीपचा चेहरा म्हणतो, तो मुळात दुसऱ्या कंपनीचा भाग आहे.

पुढचं उदाहरण तर आपल्या रस्त्यावरचंच. १९५३ साली विलिजला जुन्या जीपमध्ये नवं 'हरिकेन' इंजिन बसवायचं होतं. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर गेल्यामुळे इंजिन उंच झालं होतं, जुन्या बॉनेटखाली मावेना. कंपनीने नवी बॉडी काढली का? नाही. जुन्याच बॉडीवर बॉनेट आणि जाळी उंच केली, विषय संपला. हीच सीजे-३बी, आपली 'हाय बॉनेट'. महिंद्राने ती भारतात अनेक दशकं बनवली. २०१० च्या थारमध्येही जुन्या जीपच्या चौकोनी चेहऱ्यामागे कॉमन रेल डिझेल इंजिन होतं. कंपनीने जुनं-नवं जोडलं की 'मॉडेल', गॅरेजवाल्याने जोडलं की 'छेडछाड'. हा न्याय मला पटत नाही.

पण गॅरेजमधलं सगळंच काम ग्रेट, असंही नाही. चेसिस कापून लांब करायची, ट्रॅक्टरसारखे टायर घालायचे आणि ब्रेक मात्र जुनेच ठेवायचे. पुढे लोखंडी गर्डर, वर समोरच्याला आंधळं करणारे दिवे. हे मॉडिफिकेशन नाही, रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाशी खेळ आहे. अशी गाडी जप्त झाली तर मला वाईट वाटणार नाही.

चांगलं काम वेगळं असतं आणि ते इन्स्टाग्रामच्या फोटोत दिसत नाही. जुना पत्रा जाड, नवा पातळ. दोन्हींना एकच करंट दिला तर पातळ पत्रा वाकतो किंवा जळून भोक पडतं. म्हणून चांगला कारागीर आधी लांब लांब टाके मारतो, पत्रा थंड होऊ देतो, मगच सांधा भरतो. पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क लावायची तर नुसती कॅलिपर अडकवून भागत नाही. डिस्कला दाब जास्त लागतो, म्हणून बूस्टर आला, मास्टर सिलिंडर बदलणं आलं, मागच्या-पुढच्या ब्रेकचा तोल साधणं आलं. जास्त ताकदीचं इंजिन घातलं तर तो पीळ गिअरबॉक्सला आणि अॅक्सलला झेपला पाहिजे. सगळी अक्कल जोडात असते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे वीस वर्षं जुन्या कोडला नवा भाग जोडणं हे रोजचंच. कुणी त्यावर बंदी घालत नाही, जोडाची टेस्ट मागतात. गाडीच्या बाबतीतही नेमकी हीच मागणी हवी.

आपला कायदा मात्र टेस्ट मागत नाही, मूळ कागदाशी जुळतंय का ते विचारतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आणली. गाडी थांबवण्याची ताकद वाढवणारा बदल आणि कान फोडणारा बदल यांत फरक करायची सोय या भाषेत कुठे आहे?

"मग तपासणार कोण? आरटीओत आधीच रांगा!" हा आक्षेप ऐकू येतो. पण आपण तपासतोच की. सीएनजी किटला मंजुरी असते, बसवल्यावर आरसीवर नोंद होते. जुन्या गाडीचं इंजिन काढून इलेक्ट्रिक किट बसवण्यासाठीही मानक आहे. ट्रकचं उघडं चेसिस विकत घेऊन स्थानिक कारागिराकडून बॉडी बांधून घ्यायची पद्धत तर आपल्याकडे किती जुनी. त्यासाठी कोड आहे, पासिंग आहे. मग जीपच्या बॉडीनेच काय घोडं मारलंय?

बाहेरही बघा. जर्मनीत मालक गाडीतला बदल तज्ज्ञाकडून तपासून घेतो, पास झाला की कागदपत्रात चढवतो. ब्रिटनने अनेक वर्षं गुणांची पद्धत वापरली: मूळ चेसिसला ५ गुण, सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, इंजिनला १. किमान ८ झाले तर जुना नंबर राहायचा. इंजिनला सगळ्यात कमी गुण होते आणि रंगाला शून्य. गाडीची ओळख कशात आहे, याचा निदान कुणीतरी विचार केला होता.

आपल्याकडे नवा कायदासुद्धा नको. २०१९ च्या दुरुस्तीनेच केंद्र सरकारला बदलांचे निकष आणि मंजुरीच्या अटी ठरवायचा अधिकार दिलाय. तो वापरा. ब्रेक, स्टिअरिंग आणि बॉडीच्या सांध्यांसाठी निकष काढा, वेल्डरला प्रमाणपत्र द्या, केलेल्या कामाखाली त्याची सही घ्या. चुकलं तर त्याला धरा.

नाहीतर काय होणार ते दिसतंयच. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या मंडी डबवालीपासून आपल्या तालुक्याच्या गॅरेजपर्यंत जीप बांधल्या जातच राहतील. फक्त नीट काम करणारा घाबरून शटर ओढेल आणि बेफिकीर माणूस रात्री वेल्डिंग करेल. उद्या ती गाडी तुमच्या मागे घाटात उतरत असेल, तेव्हा ती किती ओरिजिनल आहे याच्याशी तुम्हाला काही देणंघेणं नसेल. ब्रेक लागतोय का, एवढंच महत्त्वाचं असेल.