जुन्या लाकडाची नवी चौकट

चेंबूरमध्ये हल्ली एक दृश्य वारंवार दृष्टीस पडते. एखादी जुनी, दोन-तीन मजली इमारत पाडली जात असते आणि कुंपणाशी दारे, खिडक्या व फळ्या यांचा ढीग पडलेला असतो. रंगाचे पोपडे सुटलेले, खिळे वर आलेले, सर्वांवर धुळीचा थर! जाणारा-येणारा म्हणतो, "काय हे भंगार!"

मला मात्र ते भंगार वाटत नाही. मुंबईच्या जुन्या घरांत सागवान पुष्कळ वापरले जाई. ब्रह्मदेशातील सागवान येथे समुद्रमार्गे येई. आपल्या चंद्रपूरकडील सागही प्रसिद्धच आहे. साग चांगला भरण्यास पन्नास-साठ वर्षे तरी लागतात. पुढे त्याची खिडकी होते आणि ती कितीतरी पावसाळे झेलते. अशा लाकडातील ओल केव्हाच निघून गेलेली असते; म्हणून ते नव्या ओलसर लाकडासारखे सहसा वाकत नाही. सागाच्या अंगच्या तेलामुळे वाळवीही त्याच्या वाटेस फारशी जात नाही. चित्राच्या चौकटीला याहून चांगले लाकूड कोठे शोधावे?

माझ्या ओळखीच्या एका सुतारकाकांनी खिडकीची अशी एक पट्टी उचलून आणली. रंधा फिरू लागताच मळकट थराखालून मधासारखा रंग उजळला. चार फुटांच्या त्या एका पट्टीत दहा इंच लांब व आठ इंच रुंद चित्राची चौकट झाली. काकांनी तुकड्यांची टोके 45 अंशांत कापली, मागे काचेपुरती खाच पाडली आणि सरस लावून कोपरे जुळवले. एका बाजूस खिळ्याचे भोक उरले होते. "बुजवू का?" असे त्यांनी विचारले. मी नको म्हटले. त्या लाकडाच्या जुन्या नोकरीचा तो दाखला होता!

कोणी म्हणेल, बाजारात प्लॅस्टिकची चौकट स्वस्त मिळते. मग ही खटपट कशाला? खटपट आहे, हे खरे. सारेच जुने लाकूड उपयोगी पडत नाही, हेही खरे. परंतु टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही. ती केवळ आपल्या डोळ्यांआड होते. चेंबूरच्या शेजारीच देवनारची कचराभूमी आहे. 1927 सालापासून मुंबईचा कचरा तेथे साचत आला. जानेवारी 2016 मध्ये तेथे मोठी आग लागली, तेव्हा धुरामुळे आसपासच्या शाळाही बंद ठेवाव्या लागल्या. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बनचा असतो. लाकूड जाळले की तो वायुरूपाने हवेत जातो. चौकट केली तर भिंतीवरच राहतो. एका चौकटीने देवनारचा डोंगर कमी होणार नाही, हे मी जाणतो. पण ती करणाऱ्या हाताला एक सवय लागते. वस्तू फेकण्यापूर्वी तो क्षणभर थांबतो.

मुलांनो, एक सावधगिरी मात्र बाळगा. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. म्हणून रंग काढण्याचे व खिळे उपटण्याचे काम जाणत्या मोठ्या माणसांवर सोपवा. मोजमाप घेणे, कोपरे जुळवणे, शेवटी तेलाचा हात देणे, हे तुमचे काम. तुमचे स्वतःचे जुने घर पाडले जाणार असेल, तर त्याच्या खिडकीची एक पट्टी आधीच मागून ठेवा. त्या घराचे चित्र लावायला तिच्याइतकी योग्य चौकट कोणत्याही दुकानात मिळणार नाही.